पाटी कीं वही? : फाइलींत लिहिण्याच्या दोन रीती



तुमच्यापैकीं पुष्कळांनीं लहानपणीं पाटीवर मुळाक्षरें गिरविलीं असतील. पाटीचा मोठा गुण असा कीं, ती पुनः पुनः वापरतां येते. ओल्या फडक्यानें पुसली कीं आजच दुकानांतून आणिल्यासारखी कोरी होते. पण हाच तिचा दोषहि आहे. काल पाटीवर सोडविलेलें गणित आज दाखवा म्हटलें, तर तें कोणासहि दाखवितां यावयाचें नाहीं. वहीची गोष्ट याच्या उलट. वहींत कालच्या अभ्यासाखालीं आजचा अभ्यास येतो व आजच्याखालीं उद्यांचा. वही भरते, जाड होते, दप्तराचें ओझें वाढविते. पण वर्षाच्या शेवटीं ती उघडली म्हणजे आपली सर्व वाटचाल, चुका धरून, तींत सांपडते.

संगणकाकडून कांहीं लिहवून घ्यावयाचें असेल तेव्हां हाच प्रश्न प्रथम उभा राहतो. पाटी पाहिजे कीं वही? जुनें पुसून त्या जागीं नवें लिहावयाचें, कीं जुन्याच्या खालीं नवें जोडावयाचें? प्रश्न दिसावयास अगदीं लहान आहे, आणि प्रोग्रॅममध्यें त्याचें उत्तर एका अक्षरानें दिलें जातें. परंतु त्या एका अक्षरावर किती गोष्टी अवलंबून असतात, हें आपल्याच भागांतील एका कुटुंबांत घडलेल्या दोन प्रसंगांवरून मला तुम्हांस सांगावयाचें आहे. प्रथम विषय समजून घेऊं, प्रसंग मागाहून.

एका अक्षराचा फरक

फाइल म्हणजे संगणकाच्या साठ्यांत नांव देऊन ठेविलेला मजकूर. प्रोग्रॅम संपला, संगणक बंद झाला, तरी फाइल राहते. प्रोग्रॅम चालूं असतांना संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतींत असलेल्या गोष्टी मात्र प्रोग्रॅमबरोबरच जातात. म्हणून जें टिकावें असें वाटतें, तें फाइलींत लिहावें लागतें. लिहिण्यापूर्वीं फाइल उघडावी लागते, आणि उघडतांना ती कशासाठीं उघडावयाची हें सांगावें लागतें.

हल्लीं मुलांस शिकविली जाते ती पायथन भाषा घ्या, किंवा तिच्याहून जुनी, डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास रचिलेली सी भाषा घ्या. दोहोंतहि ही खूण सारखीच आहे. 'आर' हें अक्षर दिलें तर फाइल केवळ वाचण्यासाठीं उघडते. 'डब्ल्यू' दिलें तर ती लिहिण्यासाठीं उघडते, आणि उघडतांच आंतील सर्व मजकूर नाहींसा होतो. 'ए' दिलें तर ती जोडण्यासाठीं उघडते. जुना मजकूर जागच्या जागीं राहतो आणि नवा त्याच्या शेवटीं जातो. फाइल मुळींच नसेल, तर 'डब्ल्यू' आणि 'ए' हीं दोन्हीं अक्षरें ती नवीन तयार करितात. त्यामुळें पहिल्या दिवशीं दोहोंचा परिणाम अगदीं एकसारखा दिसतो. फरक कळतो तो दुसऱ्या वेळीं प्रोग्रॅम चालविल्यावर. ही चूक पहिल्या तपासणींतून निसटते, याचें कारण हेंच.

वर 'उघडतांच' हा शब्द मीं मुद्दाम योजिला आहे. 'डब्ल्यू' दिलें म्हणजे प्रत्येक ओळ लिहितांना मागील ओळ पुसली जाते, असा पुष्कळ मुलांचा समज असतो. तो खरा नाहीं. एक प्रयोग करून पाहा. शाळेच्या प्रयोगशाळेंतील तापमान दर तासाला लिहावयाचें आहे, आणि तीन तासांचे आंकडे २७, २९ व ३१ असे आले आहेत, अशी कल्पना करा. पहिल्या वेळीं फाइल 'डब्ल्यू' नें एकदांच उघडा, तिन्ही आंकडे एकामागून एक लिहा आणि मग ती बंद करा. फाइलींत तिन्ही आंकडे सांपडतील. दुसऱ्या वेळीं दर तासाला फाइल 'डब्ल्यू' नें उघडा, एक आंकडा लिहा आणि बंद करा. आतां फाइलींत केवळ ३१ उरेल. अक्षर तेंच, आंकडे तेच. पण पुसलें जातें तें लिहितांना नव्हे, उघडतांना. जितक्या वेळां उघडाल तितक्या वेळां पाटी पुसली जाईल. 'डब्ल्यू' नें उघडून एक अक्षरहि न लिहितां बंद केली, तरी फाइल रिकामी झालेली असते.

तिसऱ्या वेळीं 'ए' वापरा. दर तासाला उघडा, लिहा, बंद करा. तिन्ही आंकडे राहतील. पण फाइल वाचूं गेलां तर २७२९३१ असा एकच लांबलचक आंकडा दिसण्याचा संभव आहे. याचें कारण असें कीं, 'ए' शेवटीं जोडतो खरा, पण नवी ओळ आपण होऊन सुरू करीत नाहीं. ओळ बदलण्याची खूण प्रत्येक आंकड्यामागून आपणच लिहावी लागते. वहींतहि दोन दिवसांच्या अभ्यासामध्यें रेघ आपणच ओढतों. वही ओढीत नाहीं.

आणखी दोन खुणा लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. पायथनमध्यें 'एक्स' हें अक्षर दिलें तर त्याचा अर्थ असा: "या नांवाची फाइल नसेल तरच नवी कर, असेल तर तिला हात न लावतां मला चूक कळव." ज्याला जुनें पुसलें जाण्याची भीति वाटते त्याच्यासाठीं ही चांगली राखण आहे. दुसरी खूण म्हणजे 'आर' पुढें अधिकचिन्ह. तिनें फाइल न पुसतां उघडते, पण लिहिणें आरंभापासून सुरू होतें, अक्षरावर अक्षर. फाइलींत १२३४५६ असेल आणि आपण ९९ लिहिलें, तर ९९३४५६ असें राहील. नवें लहान पडलें म्हणजे जुन्याचें शेंपूट मागें उरतें, आणि असा अर्धा जुना अर्धा नवा मजकूर फार फसवा असतो, कारण तो वरवर पाहणाऱ्यास खराच वाटतो.

ज्यांना संगणकास ओळीनें आज्ञा लिहून देण्याची संवय आहे, त्यांना ही जोडी वेगळ्या वेषांत भेटते. युनिक्स पद्धतीच्या संगणकांत > हें एक चिन्ह दिलें तर पाटी, आणि >> असें दोनदां दिलें तर वही. एक टिंब कमी पडलें म्हणून शब्दाचा अर्थ बदलावा, तसेंच हें आहे.

रात्रपाळीचा प्रसंग

आमचा एक माजी विद्यार्थी चाकण औद्योगिक क्षेत्रांतील एका कारखान्यांत काम करितो. कारखान्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. तेथें मोटारींचे सुटे भाग जुळविले जातात, आणि त्यांचे नट एक यंत्र आवळतें. प्रत्येक नट किती जोरानें आवळला गेला, तो आंकडा त्या भागाच्या क्रमांकासह फाइलींत लिहिला जातो. पुढें एकाद्या गाडींत दोष निघाला, तर तो भाग कोणत्या दिवशीं, कोणत्या पाळींत, किती जोरानें आवळला गेला होता हें शोधतां यावें, एवढ्यासाठीं ही नोंद असते. सैल राहिलेल्या एका नटानें रस्त्यावर माणसाचा जीव जाऊं शकतो, हें तेथील प्रत्येकास ठाऊक असतें.

हा नोंद करणारा छोटा प्रोग्रॅम आमच्या विद्यार्थ्यानेंच लिहिला होता, आणि त्याचा त्याला रास्त अभिमान होता. प्रत्येक पाळीची फाइल वेगळी. पाळी सुरू झाली कीं प्रोग्रॅम त्या पाळीच्या नांवानें फाइल उघडी व पाळी संपेपर्यंत तींत लिही. फाइल उघडण्यासाठीं त्यानें 'डब्ल्यू' अक्षर वापरलें होतें. कित्येक महिने कांहींच बिघडलें नाहीं, कारण प्रत्येक पाळीला फाइल एकदांच उघडली जात होती.

पुढें पावसाळ्यांत एका रात्रीं दोनच्या सुमारास वीज गेली. कांहीं मिनिटांनीं ती परत आली. यंत्र सुरू झालें, संगणक सुरू झाला, प्रोग्रॅमहि आपोआप सुरू झाला. आणि त्यानें त्याच पाळीची तीच फाइल पुनः 'डब्ल्यू' नें उघडली. सकाळीं पाळी संपतांना मुलानें फाइल पाहिली, तों तिची पहिली ओळ वीज आल्यानंतरची! रात्रीं अकरापासून दोनपर्यंत झालेल्या भागांची एकहि ओळ शिल्लक नव्हती. भाग मात्र पेट्यांत भरून दाराशीं ठेविलेले होते, आणि मालमोटार येण्यास थोडाच अवकाश होता.

जवळच्या एका सोबत्यानें त्याला सल्ला दिला, "अरे, आंकडे रोज सारखेच तर असतात. कालच्या पाळीचे उचल आणि क्रमांक बदलून टाक. कोणाला कळणार आहे?" सल्ला देणारा वाईट मनुष्य नव्हता, सोबत्याची नोकरी सांभाळावी एवढाच त्याचा हेतु. त्याचें म्हणणें एका अर्थी खरेंहि होतें. कोणालाच कळलें नसतें. पण मुलगा तसाच उठून वरिष्ठांकडे गेला आणि म्हणाला, "साहेब, अकरा ते दोनची नोंद माझ्या चुकीनें गेली आहे. त्या पेट्या सोडूं नका."

पेट्या अडविण्यात आल्या. प्रत्येक भाग पुनः काढून हातानें तपासण्यांत आला. गाडीला उशीर झाला, मुलाला बोलणीं खावीं लागलीं, आणि रात्रभर जागलेला तो दुपारपर्यंत तेथेंच उभा राहिला. तपासणींत सर्व भाग ठीक निघाले. मग हा सर्व खटाटोप व्यर्थ गेला काय? तुम्हीच विचार करा. भाग ठीक होते हें तपासल्यानंतर कळलें. तपासण्यापूर्वीं तें कोणासच ठाऊक नव्हतें. नोंद गेली म्हणजे भाग बिघडतो असें नाहीं. तो चांगला आहे असें म्हणण्याचा आपला आधार मात्र जातो.

सातबारा आणि फेरफार

पुढील रविवारीं तो मुलगा मला भेटावयास आला. त्याचे वडीलहि बरोबर होते. त्यांचें गांव खेड तालुक्यांत, चाकणपासून थोड्याच अंतरावर. मुलानें सर्व हकीकत सांगितली आणि शेवटीं म्हणाला, "सर, माझें एकच अक्षर चुकलें." वडील इतका वेळ मुकाट्यानें ऐकत होते. ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या संगणकाचं मला काय कळत नाही. पण आमच्या जमिनीच्या दप्तरात जुनं नाव खोडत नाहीत. कंस करतात."

त्यांचें हें एक वाक्य माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानापेक्षां अधिक मोलाचें होतें. आपल्या भागांतील पालकांस सातबारा हा शब्द नवा नाहीं. तरी मुलांसाठीं थोडें स्पष्ट करितों. गांवच्या जमिनीचे जे ठराविक नमुने ठेविले जातात, त्यांतील सातवा नमुना जमिनीवर कोणाचा हक्क आहे हें सांगतो आणि बारावा तींत कोणतें पीक आहे हें सांगतो. दोन्ही मिळून सातबारा. त्यांच्या मागें सहावा नमुना असतो, तो फेरफाराच्या नोंदवहीचा. जमीन विकली, मालक वारला, कर्ज काढलें, वांटणी झाली, कीं ती गोष्ट प्रथम या नोंदवहींत क्रमांक घालून लिहिली जाते. संबंधित लोकांस नोटीस जाते. कोणाची हरकत असेल तर ती ऐकली जाते. नंतर नोंद प्रमाणित होते आणि मगच सातबाऱ्यावर बदल होतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, या कायद्यांत ही रीत घालून दिली आहे. सातबाऱ्यावर जुन्या मालकाच्या नांवास कंस होतो, नवें नांव येतें आणि त्याच्याजवळ फेरफाराचा क्रमांक येतो. क्रमांक हातांत असला म्हणजे मागचा फेरफार काढतां येतो, त्याच्या मागचाहि काढतां येतो, आणि अशा रीतीनें आजोबा-पणजोबांपर्यंत जातां येतें.

म्हणजे पाहा, सातबारा आजची स्थिति सांगतो. ती कशी आली हें फेरफार सांगतो. आपल्या पट्ट्यांत ही वही विशेष महत्त्वाची ठरली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० सालीं झाली आणि तिची महानगरपालिका १९८२ सालीं. पुढें चाकणच्या बाजूसहि मोटारींचे कारखाने आले. बाजरी आणि कांदा पिकविणाऱ्या शेतांवर कारखान्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. जेथें जमीन हातोहात बदलते, तेथें ती पूर्वीं कोणाची होती याची नोंद हीच कुटुंबाची खरी तिजोरी असते.

वडिलांनीं मग आपल्या घरची गोष्ट सांगितली. त्यांचे वडील वारले तेव्हां वारसनोंद झाली. तींत दोन मुलगे आणि एक मुलगी अशीं तीन नांवें होतीं. हातानें लिहिलेला सातबारा भरून जाई तेव्हां तो नव्या पानावर उतरून काढावा लागे. असा उतरतांना कोणाच्या तरी हातून बहिणीचें नांव राहून गेलें. ती लग्न होऊन जुन्नरच्या बाजूस गेलेली. तिनें कधीं सातबारा पाहिला नाहीं, आणि भावांनींहि नीट वाचला नाहीं. पुष्कळ वर्षांनीं त्यांच्या जमिनीचा एक तुकडा रस्त्यासाठीं घेण्याचें ठरलें, मोबदल्याचा प्रश्न निघाला, तेव्हां त्यांनीं जुन्या फेरफारांच्या नकला काढिल्या.

"सातबाऱ्यावर दोन नावं, आणि फेरफारात तीन," ते म्हणाले. "मी ते पान दोन दिवस उशाशी ठेवलं, गुरुजी. तिसऱ्या दिवशी नक्कल घेऊन अक्काच्या घरी गेलो."

त्यांनीं स्वतः अर्ज करून तहसील कार्यालयांतून ती लेखनांतील चूक दुरुस्त करून घेतली. मोबदल्याचे दोन वांटे व्हावयाचे ते तीन झाले. हें सांगतांना त्यांच्या बोलण्यांत आपण कांहीं मोठें केलें असा भाव मुळींच नव्हता. मुलगा खालीं मान घालून बसला होता. त्या सकाळीं कारखान्यांत खरें सांगण्याचें बळ त्याला कोठून मिळालें, हें मला तेव्हां कळलें.

आतां या गोष्टींतील संगणकाचा धडा पाहूं. पान उतरून काढणें म्हणजे 'डब्ल्यू'. नवें पान जुन्याची जागा घेतें, आणि उतरतांना जें सुटलें तें सुटलें. फेरफाराची वही म्हणजे 'ए'. तींत नोंदीवर नोंद चढत जाते, मागची हलत नाहीं. नुसता सातबाराच असता, तर त्या बहिणीचा हक्क दाखविणारा एकहि कागद त्या कुटुंबापाशीं उरला नसता.

जुन्या दप्तरांतील शहाणपण

ही रीत संगणकाहून फार जुनी आहे. आपले दुकानदार रोजकीर्द लिहीत, म्हणजे दिवसाचा व्यवहार घडला त्या क्रमानें टिपून ठेवीत, आणि मग त्यावरून प्रत्येकाचें खातें खतावणींत उतरीत. रोजकीर्दींत चूक झाली तर ती खरवडून काढावयाची नाहीं. तिच्यापुढें उलट नोंद करून ती सुधारावयाची, असा चांगल्या हिशेबनिसांचा नियम आहे. खरवडलेला आंकडा पाहून वाचणाऱ्यास संशय येतो. उलट नोंद पाहून विश्वास वाटतो.

पुण्यांतील पेशवे दप्तरांत मोडी लिपींत लिहिलेले असे असंख्य कागद राहिले आहेत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखालीं १९३० पासूनच्या कांहीं वर्षांत त्यांतील निवडक कागद ४५ भागांत छापले गेले. ज्या कारकुनांनीं ते लिहिले, त्यांना आपण इतिहास लिहितों आहों असें वाटलेंहि नसेल. त्यांनीं कालच्या नोंदीखालीं आजची नोंद केली, एवढेंच. हिशेबांतील हाच नियम आतां कायद्यानेंहि मानला आहे. १ एप्रिल २०२३ पासून भारतांत कंपन्यांनीं हिशेबासाठीं वापरावयाचें सॉफ्टवेअर असें असावें लागतें कीं, प्रत्येक बदल आणि तो केल्याची तारीख त्यांत नोंदली जाईल, आणि ही नोंदणी कोणास बंद करितां येणार नाहीं.

जुनें पुसून नवें लिहिल्यानें जगाचें केवढें नुकसान होऊं शकतें, याचीं दोन उदाहरणें सांगतों. ग्रीक गणिती आर्किमिडीज याच्या ग्रंथांची एक प्रत दहाव्या शतकांत चर्मपत्रावर लिहिलेली होती. चर्मपत्र महाग, म्हणून पुढें १२२९ च्या सुमारास तीं पानें घांसून त्यांवर प्रार्थनापुस्तक लिहिण्यांत आलें. लिहिणाऱ्याचा हेतु पवित्र होता. पण खालीं काय आहे हें त्यानें जाणलें नाहीं. १९०६ सालीं हायबर्ग नांवाच्या डॅनिश पंडितानें कॉन्स्टँटिनोपल येथें तीं पानें पाहून खालचीं पुसट अक्षरें ओळखिलीं, तेव्हां आर्किमिडीजचा एक हरवलेला ग्रंथ जगास परत मिळाला. दुसरें उदाहरण आपल्या काळचें. १९६९ च्या जुलै महिन्यांत मनुष्यानें चंद्रावर पाऊल ठेविलें, त्या वेळीं आलेल्या चित्रांच्या मूळ चुंबकीय फिती पुढें शोधूनहि मिळाल्या नाहींत. त्या बहुधा पुसून पुनः वापरल्या गेल्या, असें नासा संस्थेनें २००९ सालीं जाहीर केलें. दूरचित्रवाणीवर दाखविलेलीं चित्रें उरलीं. पण त्यांहून स्पष्ट असलेलीं मूळचीं गेलीं. चर्मपत्रावर निदान पुसट खुणा राहिल्या होत्या. संगणकाची पाटी पुसल्यावर तेवढाहि भरंवसा धरतां येत नाहीं.

पाटीचाहि मान आहे

एवढें वाचून कोणी असें ठरवील कीं, 'डब्ल्यू' हें अक्षर वाईट आणि 'ए' चांगलें. तसें मुळींच नाहीं. कारखान्यांतील फलकावर 'आज तयार झालेले भाग' असा आंकडा असतो. तेथें कालचे सर्व आंकडे खालीं खालीं लिहीत गेलों तर कामगारानें वाचावें काय? एकाद्या प्रोग्रॅमची भाषा मराठी असावी अशी सूचना फाइलींत आहे. ती बदलतांना जुनी तशीच ठेवून खालीं 'इंग्रजी असावी' असें जोडलें, तर प्रोग्रॅमनें दोहोंपैकीं कोणाचें ऐकावें? वर्गांतील ४० मुलांचे गुण लिहिणारा प्रोग्रॅम 'ए' ठेवून चुकून दोनदां चालविला, तर फाइलींत ८० ओळी होतील आणि प्रत्येक मुलगा दोनदां पास होईल! शिवाय केवळ जोडत राहिलेली फाइल वाढतां वाढतां संगणकाची सर्व जागा व्यापून टाकते आणि मग कामच थांबतें. म्हणून शहाणे लोक ठराविक काळानें नवी वही घेतात व जुन्या वह्या नेमलेल्या मुदतीपर्यंत जपून ठेवितात.

तेव्हां निर्णय करण्याची कसोटी अशी. आजची स्थिति काय आहे, एवढेंच वाचणाऱ्यास हवें असेल, तर पाटी. काय काय घडलें हें हवें असेल, तर वही. दोन्ही हवीं असतील, तर दोन्ही ठेवावीं. पण वही प्रथम लिहावी आणि पाटी तिच्यावरून तयार करावी. रोजकीर्दीवरून खतावणी पुनः लिहितां येते. खतावणीच्या अखेरच्या बाकीवरून रोजकीर्द पुनः लिहितां येत नाहीं.

पाटी पुसावयाचीच असेल, तरी ती पुसण्याची एक सुरक्षित रीत आहे. नवा मजकूर प्रथम दुसऱ्या नांवाच्या फाइलींत पूर्ण लिहावा, ती बंद करावी, वाचून पाहावी, आणि मग तिला जुन्या फाइलीचें नांव द्यावें. मध्यें वीज गेली तरी जुनी फाइल संपूर्ण हातीं राहते. जुनें घर पाडण्यापूर्वीं नवें बांधून घ्यावें, तसेंच हें.

आणखी एक गोष्ट. प्रोग्रॅमनें 'लिहिलें' म्हणजे तें त्याच क्षणीं साठ्यांत पोंचलेंच असें नाहीं. संगणक थोडा मजकूर जमवून मग एकदम पोंचवितो. म्हणून काम होतांच फाइल बंद करावी, आणि नोंद अत्यंत महत्त्वाची असेल तर प्रत्येक ओळीनंतर ती साठ्यांत पोंचविण्याची आज्ञा द्यावी.

आमच्या विद्यार्थ्यानें पुढें काय केलें तें सांगतों. त्यानें 'डब्ल्यू' च्या जागीं 'ए' घातला. प्रोग्रॅम सुरू होतांच 'येथें प्रोग्रॅम सुरू झाला' अशी वेळेसह एक ओळ तो फाइलींत लिहूं लागला; म्हणजे मध्येंच वीज गेली तर तेंहि नोंदींत दिसावें. फाइलीची एक प्रत दुसऱ्या संगणकावर जाण्याची सोय केली. आणि नवा प्रोग्रॅम कामास लावण्यापूर्वीं त्यानें वरिष्ठांसमोर तो चालूं असतांनाच संगणकाची वीज तोडली, पुनः जोडली, आणि फाइल उघडून दाखविली. सर्व ओळी जागच्या जागीं होत्या. मुलांनो, तुम्हीहि हा नियम पाळा. प्रोग्रॅम एकदां चालवून समाधान मानूं नका. तो दोनदां चालवा, आणि एकदां मध्येंच थांबवून पुनः चालवा.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. एका फाइलींत १० ओळी आहेत. ती 'डब्ल्यू' नें एकदां उघडून ३ ओळी लिहिल्या व बंद केली. नंतर 'ए' नें उघडून २ ओळी लिहिल्या. आतां फाइलींत किती ओळी आहेत?

२. दुकानाची उधारी, खेळाच्या सामन्याचा चालूं गुणफलक, आजाऱ्याच्या तापाचा तक्ता आणि घड्याळाचा गजर: यांपैकीं कोणासाठीं पाटी व कोणासाठीं वही योजाल? कारणें द्या.

३. घरीं वडील माणसांस विचारून आपल्या कुटुंबांतील अशी एक नोंद शोधा, कीं जी जुनी असूनहि आज उपयोगी पडली.

पालकांस एकच विनंती आहे. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास मुलें तुमच्याकडे येतील. पेटींतील जुने कागद त्या दिवशीं त्यांना काढून दाखवा, आणि त्यांवर कोणाकोणाचीं नांवें आहेत हें त्यांना मोठ्यानें वाचूं द्या.